विंचवाची कात

वाचकहो, विंचू हा शब्द कानावर पडताच आपल्यापैकी बहुतेकांचा हात नकळत चपलेकडे जातो. त्यात वावगे काही नाही. मराठवाड्यात ज्यांचे बालपण माळवदाच्या घरात गेले, त्यांनी अंथरूण झटकल्याशिवाय कधी पाठ टेकली नाही आणि सरपणाच्या ढिगात पाहिल्याशिवाय हात घातला नाही. पैठणच्या एकनाथ महाराजांना माणसाच्या विकारांचा दंश सांगायचा होता, तेव्हा त्यांनीही भारुडात विंचवालाच उभे केले. कारण ती वेदना समजावून सांगण्याची श्रोत्यांना गरजच नव्हती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात ती जड दगडमातीची घरे माणसांवर कोसळली. पुढे पुनर्वसनाची सिमेंटची घरे उभी राहिली आणि भिंतींच्या सांदीतला विंचवांचा आसरा गेला. बांधावरच्या दगडांखालचा मात्र अजून तसाच आहे.

अशा या प्राण्याच्या शुश्रूषेविषयी एका आरोग्यविषयक पाक्षिकात मी लिहावे, याचे आपल्याला नवल वाटेल. गेल्या उन्हाळ्यात लातूरच्या एका घरी मी एका अडलेल्या विंचवाशेजारी जवळजवळ अख्खा रविवार बसून काढला. मी नांदेडचा साधा एम.बी.बी.एस. डॉक्टर, माझे शिक्षण माणसांच्या वैद्यकाचे. पण त्या दिवसात मला जे दिसले, ते घरात वृद्ध माणूस असलेल्या प्रत्येकाच्या उपयोगाचे आहे, असे माझे मत झाले आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी प्राण्याची थोडी ओळख करून घेऊ. ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण आपण सतत फिरतीवर असणाऱ्या माणसासाठी वापरतो. तिच्यामागे अचूक निरीक्षण आहे. विंचवाची मादी अंडी घालीत नाही, ती जिवंत पिल्लांना जन्म देते. जन्मताच ती पांढुरकी, मऊ पिल्ले आईच्या पाठीवर चढतात आणि तिथेच दाटीवाटीने राहतात. त्या काळात ती काही खात नाहीत. अंगातल्या साठ्यावर जगतात. साधारण एक-दोन आठवड्यांनी प्रत्येक पिल्लू पाठीवरच आपली पहिली कात टाकते, अंग थोडे टणक झाले की खाली उतरते आणि पुढे आपल्या वाटेने जाते. पिल्ले आईला खाऊन टाकतात, ही आपल्याकडील समजूत खरी नाही. मला त्यातली एक गोष्ट विशेष वाटते. आई पिल्लांना उचलून हिंडते, त्यांचे रक्षण करते. पण कात सोलून देण्याचे काम ती करीत नाही. ते ज्याचे त्याने करायचे.

कात टाकणे हा आपल्या भाषेत फार सोपा होऊन बसलेला शब्दप्रयोग आहे. संस्थेने कात टाकली, गावाने कात टाकली, असे आपण सहज म्हणतो. जणू जुना सदरा काढून नवा घातला. विंचवाच्या बाबतीत ते तितके सोपे नसते. त्याला आपल्यासारखी आतून हाडे नाहीत; बाहेरचे कवच हाच त्याचा सांगाडा. कवच वाढत नाही, म्हणून अंग वाढवायचे तर कवच सोडावेच लागते. जुन्या कवचाखाली आधी नवे, मऊ, घडी पडलेले कवच तयार होते. मग दोहोंमधला थर आतून विरघळू लागतो. शेवटी शरीरातील द्रवाचा दाब वाढवून विंचू जुन्या कवचाला डोक्याच्या पुढच्या कडेशी चीर पाडतो आणि त्या चिरेतून नांग्या, आठ पाय, धड आणि शेवटी काट्यासकट संपूर्ण शेपटी बाहेर ओढून काढतो. तोंडाच्या आतले अस्तरसुद्धा जुन्या कातीबरोबर निघून येते. याला काही तास लागतात. तेवढा वेळ तो पळू शकत नाही, लढू शकत नाही. जन्मापासून प्रौढ होईपर्यंत बहुतेक विंचवांना हे पाच-सात वेळा करावे लागते.

आता गुरुजींकडे वळू.

गुरुजी म्हणजे माझे शाळेतले गुरुजी. निवृत्तीनंतर लातूरला मुलाकडे राहतात, वय अठ्ठ्याहत्तर. त्यांच्या नातवाला लहानपणापासून किड्यामुंग्यांचा नाद. तीन वर्षांपूर्वी औशाकडच्या शेतात बांधावरचा दगड उलटताना त्याला काळ्या विंचवाचे एक लहान पिल्लू सापडले आणि ते काचेच्या पेटीत घरी आले. तळाशी माती आणि नारळाचा भुसा, एका कोपऱ्यात लपायला मडक्याचे खापर, बाटलीच्या झाकणात पाणी, आठवड्यातून एकदोनदा एखादा नाकतोडा किंवा झुरळ. औषध फवारलेल्या घरातले झुरळ चालणार नाही, अशी नातवाची सक्त ताकीद. गुरुजी या रहिवाशाला ‘पाहुणा’ म्हणत. नातू जानेवारीत नोकरीसाठी पुण्याला गेला आणि पाहुणा आजोबांच्या स्वाधीन झाला.

फेब्रुवारीत गुरुजींना अर्धांगवायूचा झटका आला. वेळेवर उपचार मिळाले, जीव वाचला, बोलणेही बऱ्यापैकी परतले. पण उजवा हात दुबळा राहिला. घर प्रेमळ आहे. सून तर अशी की नोकरी, स्वयंपाक, मुलीची दहावी हे सारे सांभाळून सासऱ्यांच्या तोंडात घास भरवायची, सदऱ्याची बटणे लावायची, चहाचा कप ओठांशी धरायची. गुरुजींनी हात पुढे केला की तिचा हात आधी पोचलेला असे. ‘मामा, राहू द्या, सांडेल’ हे वाक्य मी त्या घरात किती वेळा ऐकले असेल, त्याची गणती नाही.

एप्रिलमध्ये पाहुण्याने खाणे सोडले. रंग मंदावला, पोट फुगले, खापराखालून बाहेर येणे बंद झाले. सुनेला वाटले, मरणार. नातवाने फोनवर सांगितले, ‘मरत नाही, कात टाकायला आलाय. त्याला हात लावू नका, जिवंत किडा आत टाकू नका आणि पेटीत पाण्याचा बारीक फवारा मारत राहा.’ कात टाकणाऱ्या विंचवाला साधा नाकतोडासुद्धा कुरतडू शकतो, म्हणून ती सूचना. पण फवाऱ्याचे काम गुरुजींचे होते आणि तो दाबणारा हात आता त्यांचा राहिला नव्हता. सुनेला पेटीचे झाकण उघडण्याची भीती. लातूरचा एप्रिल कसा असतो, ते आपण जाणता. २०१६ च्या दुष्काळात ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथल्या हवेत उन्हाळ्यात ओलावा उरतो किती? पेटीतली माती पार भुकटी झाली होती. दोन कवचांमधला थर ओलसर राहिला नाही, तर जुने कवच नव्याला चिकटते. आणि तसेच झाले.

त्या रविवारी मी लातूरला बहिणीकडे होतो. सकाळी सातला सुनेचा फोन आला. ‘दादा, लवकर या. पाहुणा अर्धा बाहेर अर्धा आत अडकलाय आणि मामा माझ्याकडे चिमटा मागताहेत.’

मी पोचलो तेव्हा दिसले ते दृश्य खरोखर विलक्षण होते. काळ्या कवचातून दुधी रंगाचे, ओलसर, जवळजवळ पारदर्शक असे दुसरे शरीर अर्धे बाहेर आले होते. नांग्या सुटल्या होत्या, पुढचे चार पायही सुटले होते. मागचे चार पाय आणि शेपटी मात्र अजून जुन्या कातीत होती. दर काही मिनिटांनी तो अंग आकसून एक हिसका देई आणि पुन्हा निपचित पडे. रात्रीपासून असेच चालले असावे. गुरुजी खुर्ची पेटीला टेकवून बसले होते. डोळ्यांत झोप नव्हती.

‘अरे, तू डॉक्टर ना? मग बघत काय बसलास? ओढून काढ ते,’ ते म्हणाले.

‘गुरुजी, आता ओढले तर पाय कातीत राहील,’ मी म्हणालो, ‘आणि पाहुणा हातचा जाईल.’

हे मी विंचवाचा तज्ज्ञ म्हणून सांगितले नाही. नवे कवच त्या वेळी ओल्या कागदासारखे असते. ते फाटले, तर आतला द्रव गळून प्राणी दगावतो. विंचवाचे रक्त तांब्याच्या अंशामुळे निळसर असते, एवढाच फरक. रक्तस्रावाने मरण येण्याचा नियम त्याला आणि आपल्याला सारखाच. पुण्याहून नातवाने फोनवर तेच सांगितले आणि काय करायचे तेही सांगितले. पेटी उचलून आम्ही कूलरच्या खोलीत नेली. वाऱ्याचा झोत थेट लागू नये म्हणून आडोशाला ठेवली. कूलरच्या हवेने आपल्याला गारवा मिळतो, तसा खोलीत ओलावाही वाढतो. पेटीवर ओले गोणपाट टाकले, त्यामुळे आत अंधार झाला. मग नातीच्या चित्रकलेच्या डब्यातला सर्वांत मऊ कुंचला कोमट पाण्यात बुडवून, जिथे जुने कवच नव्याला चिकटले होते तिथे फक्त एक एक थेंब सोडला. विंचवाच्या पोटाखाली श्वासाची बारीक छिद्रे असतात, तिथे पाणी जाणार नाही याची काळजी घेतली. असे तासा-दीड तासाने एकदा. मधल्या वेळात काहीही करायचे नाही. सुनेला माझे हे काहीही न करणे फार जड गेले. तिने तीनदा चहा केला.

गोणपाट मात्र वाळत होते. त्यावर फवारा मारीत राहण्याचे काम मी गुरुजींकडे दिले. फवाऱ्याची बाटली त्यांनी सवयीने डाव्या हातात घेतली. मी काही बोललो नाही. थोड्या वेळाने डावा हात दमला, तेव्हा त्यांनी ती उजव्या हातात धरली. बोटे मिटेनात, खटका दबेना. एकदा दबला तर फवारा गोणपाटाऐवजी भिंतीवर गेला. सून पुढे झाली. ‘मामा, आणा इकडे.’ मी तिला खुणेने थांबवले. तिच्या चेहऱ्यावर जे आले ते मी विसरणार नाही; म्हाताऱ्या माणसाला धडपडताना पाहत उभे राहणे तिला निर्दयपणाचे वाटत होते. गुरुजींनी आपला उजवा हात डाव्या हाताने खालून टेकवला, दात ओठात रोवले आणि खटका दाबला. पुन्हा दाबला. दुपारपर्यंत त्यांनी त्या हाताने चाळीसएक वेळा तरी फवारा मारला असेल. फिजिओथेरपिस्टने लावून दिलेला रबरी चेंडू त्यांनी महिनाभरात इतक्या वेळा दाबला नव्हता, हे मला ठाऊक होते.

येथे वैद्यकातील एक गोष्ट आपल्यासमोर ठेवतो. अर्धांगवायूनंतर दुबळा झालेला हात वापरण्याचे प्रयत्न सुरुवातीला फसतात. चमचा पडतो, चहा सांडतो, लोक हळहळतात. चांगला हात आणि घरातली माणसे ते काम करून टाकतात. मग मेंदू हळूहळू त्या हाताचा नादच सोडून देतो. हातात जेवढी शक्ती परतलेली असते, तेवढीही वापरली जात नाही. एडवर्ड टॉब या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने या प्रकाराला ‘शिकलेला अनुपयोग’ अशा अर्थाचे नाव दिले आणि त्यावर उपाय म्हणून, निवडक रुग्णांमध्ये चांगला हात काही तास बांधून दुबळ्या हाताकडूनच काम करून घेण्याची पद्धत विकसित केली. ही पद्धत सर्वांसाठी नाही. मनगटात आणि बोटांत थोडी तरी हालचाल असावी लागते, आणि ती फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखालीच करावी लागते. घरी कुणी आजोबांचा हात बांधून ठेवू नये. पण तिच्यामागचा विचार घरात रोज पाळता येतो. सदऱ्याच्या पाच बटणांपैकी वरची तीन आपण लावावी आणि खालची दोन त्यांच्यासाठी सोडावी. घास भरवण्याऐवजी जाड मुठीचा चमचा हातात द्यावा. त्याला दहा मिनिटे जास्त लागतील. सकाळच्या घाईत दहा मिनिटे ही फार मोठी गोष्ट असते, हे मी जाणतो; म्हणून रोज सगळीच कामे नव्हे, एखादेच निवडावे. आणि गिळताना ठसका लागणाऱ्या किंवा तोल जाणाऱ्या रुग्णाला एकटे मुळीच सोडू नये. धडपडू देणे आणि पडू देणे यांत फरक आहे.

चिमट्याचाही एक धडा त्याच दिवशी मनात पक्का झाला, तो कातडीविषयीचा. वयाबरोबर आपली त्वचा पातळ होते. आतला आधार सैल होतो. साठी-सत्तरीनंतर, विशेषतः ज्यांनी दीर्घकाळ स्टिरॉइडची औषधे घेतली आहेत त्यांच्यात, नुसत्या चिकटपट्टीच्या ओढण्याने कातडी फाटलेली मी पाहिली आहे. सलाइनची पट्टी ‘एका झटक्यात काढली की दुखत नाही’ हा सल्ला तरुणांना ठीक, वृद्धांना नव्हे. पट्टीच्या कडेला कोमट पाणी लावावे, ती मऊ होऊ द्यावी, एका हाताने शेजारची कातडी धरून ठेवावी आणि पट्टी कातडीला समांतर, हळूहळू मागे दुमडत काढावी. जखमेची खपली तर स्वतः पडेपर्यंत राहू द्यावी. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या टाचेवर काळी, कोरडी, घट्ट बसलेली खपली असते. ती पाहून अनेकांना ती काढून जखम स्वच्छ करावीशी वाटते. ती कोरडी आणि स्थिर असेल, भोवती लाली, सूज, पू किंवा दुर्गंधी नसेल, तर ती बहुधा नैसर्गिक झाकणाचे काम करीत असते. डॉक्टरांना दाखवावी, घरी सोलू नये. आणि मधुमेह असेल तर पायाचे कुरूप ब्लेडने तासण्याचा उद्योग कृपा करून करू नये.

संध्याकाळी पाचच्या सुमारास एका लांब हिसक्यासरशी पाहुण्याची शेपटी बाहेर आली. मागचे तीन पायही सुटले. चौथ्या पायाचे टोक कातीतच राहिले आणि दुसऱ्या दिवशी तो पाय वाकडा वाळला. नातवाच्या म्हणण्याप्रमाणे पुढच्या कातीत तो काही प्रमाणात सुधारू शकेल, कारण पाहुणा अजून पूर्ण वाढलेला नाही. न सुधारला तरी विंचवाला सात पायांवर चालता येते.

रात्री नातीने खोट्या नोटा ओळखण्याचा जांभळा दिवा आणला. विंचू अतिनील प्रकाशात हिरवट निळा चमकतो; शेतात रात्री विंचू शोधण्यासाठी अभ्यासक असाच दिवा वापरतात. आम्ही खोलीतले दिवे मालवले. रिकामी कात शेपटीच्या काट्यापर्यंत लखलखत होती. शेजारी बसलेला जिवंत विंचू मात्र जवळजवळ दिसतच नव्हता. नवे कवच टणक होत जाते तसतशी त्यात ही चमक येते. काही दिवस तो असाच विझलेला राहतो. गुरुजी बराच वेळ त्या दोहोंकडे पाहत होते. मग म्हणाले, ‘दवाखान्यातून आलो तेव्हा मी असाच दिसत असेन.’ सुनेने दिवा लावला.

आता एक कर्तव्य पार पाडतो. वरील हकिगत वाचून कुणाच्या घरी विंचू पाळण्याची हौस निर्माण व्हावी, असा माझा मुळीच हेतू नाही. बांधावरचा प्राणी बांधावरच बरा. विदेशी जातींपैकी काही, उदाहरणार्थ आफ्रिकेतला मोठा काळा सम्राट विंचू, आंतरराष्ट्रीय कराराने संरक्षित आहेत, आणि वन्यजीव संरक्षण कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीनंतर असे प्राणी बाळगणाऱ्यांना नोंदणी बंधनकारक झाली आहे. कर्नाटकात यादगीर जिल्ह्यातील कंदकूर येथे नागपंचमीला लोक डोंगरावरचे विंचू हातावर, चेहऱ्यावर खेळवतात. ती त्यांची श्रद्धा. तिचे अनुकरण आपण करू नये.

काळा आणि लाल यांतला फरक घरात सर्वांना ठाऊक असावा. काही गावांत इंगळी म्हणून ओळखला जाणारा मोठा, जाड नांग्यांचा काळा विंचू दिसायला भयंकर, पण त्याच्या दंशाने सहसा वेदना आणि सूज यापलीकडे फारसे होत नाही. बारीक नांग्यांचा, तांबूस-पिवळट, जाड शेपटीचा लहान लाल विंचू मात्र खरा घातकी. त्याचे विष हृदयावर घाला घालते. दंशाच्या जागी वेदना फार नसताना रुग्णाला घाम फुटणे, हातपाय गार पडणे, उलट्या होणे, छातीत धडधडणे, धाप लागणे ही धोक्याची लक्षणे होत. सर्वांत मोठा धोका लहान मुलांना असतो. हृदयविकार असलेल्या वृद्धांनाही जपावे लागते. आपल्याच जालना जिल्ह्यातील देहेडचे सुपुत्र डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रायगड जिल्ह्यातील महाड परिसरात हे रुग्ण रात्र-रात्र उशाशी बसून तपासले, १९८२ साली आपली निरीक्षणे ‘लॅन्सेट’मध्ये मांडली आणि पुढे रक्तदाबावरचे प्राझोसिन हे स्वस्त औषध या विषावर प्रभावी ठरते, हे दाखवून दिले. एके काळी गंभीर रुग्णांमधील मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांच्या घरात होते; ते या उपचाराने एकेरी आकड्यात आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. सोबत प्रतिविष दिल्यास रुग्ण अधिक लवकर सावरतो, हेही त्यांच्याच अभ्यासातून पुढे आले. ही औषधे दवाखान्यातच द्यायची असतात. प्राझोसिनने रक्तदाब एकाएकी उतरू शकतो, म्हणून आजोबांच्या डब्यातली गोळी नातवाला परस्पर देऊ नये. दंश झाल्यास आवळपट्टी बांधू नये, चिरा देऊ नये, मंत्र-उताऱ्यात वेळ घालवू नये. रुग्णाला झोपवून, धीर देऊन, तडक दवाखान्यात न्यावे. आणि बाथरूममधल्या चपला, बाहेर वाळत घातलेले कपडे, बरेच दिवस न उघडलेली अंथरुणे झटकूनच वापरावी.

पाहुण्याला पुढचे दहा दिवस काहीही खायला दिले नाही, हातही लावला नाही. कवच टणक होईपर्यंत तेच योग्य होते. अकराव्या दिवशी त्याने एक नाकतोडा स्वतः पकडला, असे नातीने कळवले. नातू दिवाळीत येईल तेव्हा त्याला औशाच्या त्याच बांधावर सोडायचे, असे घरात ठरले आहे. गुरुजींचा त्याला विरोध नाही. पण पाऊस चांगला झाला तरच, अशी त्यांची अट आहे.

मागच्या आठवड्यात सुनेचा फोन आला होता. रक्तदाबाची गोळी संपली, तीच पुन्हा आणायची का, एवढेच विचारायचे होते. ठेवता ठेवता म्हणाली, ‘दादा, आज मामांनी चहाचा कप उजव्या हाताने उचलला. अर्धा सांडला.’

‘मग?’

‘मग काय, पुन्हा भरून दिला.’